सोनटक्के मास्तरांचे हात

सोनटक्के मास्तरांना बसता येत नसे. पाय शाबूत, पाठ शाबूत, वर्गात सरकारी खुर्चीही होती. पण त्या खुर्चीवर खडूची पेटी बसायची आणि मास्तर दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून फळ्यापर्यंत येरझारा घालायचे. त्यांच्याकडे बघत शिकणाऱ्या पोरांच्या माना संध्याकाळी दुखायच्या. जेवतानाही त्यांचा एक गुडघा उभा असे, म्हणजे मध्येच काही आठवलं तर उठायला सोपं. आणि आठवायचंच. अर्धी भाकरी ताटात टाकून हा माणूस अंगणातल्या कुठल्याशा कुंडीत बोट खुपसून ओल बघत उभा असायचा, आणि आतून गोदा ओरडायची, "भाजी थंडी होऊन राह्यली नं!"

गोदा म्हणजे गोदावरी, त्यांची बायको. मी त्यांची शेजारीण. मुलींच्या शाळेत शिकवायचे. बुलढाण्यात एका लांबट कौलारू घराच्या दोन भागांत आम्ही राहायचो. मधे एक भिंत, मागे एकच अंगण आणि एकच विहीर. भिंत अशी पातळ की मास्तरांच्या फेऱ्यांवरून मला त्यांच्या मनाची हवा कळायची. फेऱ्या लांब आणि संथ असल्या की नवीन काहीतरी शिजतंय. छोट्या आणि झपाझप असल्या की गोदाशी वाजलंय.

ते मुलांच्या इंग्रजी शाळेत शास्त्र शिकवायचे. माहेर... पुरुषाला माहेर म्हणत नाहीत, पण त्यांच्या बाबतीत माझ्या तोंडी तोच शब्द येतो, इतके ते देऊळघाटच्या घरी जायला आसुसलेले असत. वर्गात त्यांची भाषा पुस्तकी, अगदी इस्त्रीची. शाळेचं फाटक ओलांडलं की देऊळघाट सुरू. आणि दोन्हीकडे एक शब्द मात्र कायम: काऊन? दूधवाला म्हणाला, "मास्तर, आज दूध फाटलं," की हे म्हणायचे, "काऊन फाटलं?" मग त्याचं भांडं हुंगून बघणार, त्याची म्हैस काय खाते ते विचारणार, त्याच्या पाण्याची चौकशी करणार. दूधवाल्याला ती पाण्याची चौकशी काही झेपली नाही. त्यानं त्यांचं घर सोडलं आणि गोदाला रोज लांबच्या गल्लीत लोटा घेऊन जावं लागू लागलं. पोरं त्यांना काऊन मास्तर म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही.

एकदा नागपूरहून शाळा तपासायला साहेब आले. साहेब होते आपल्यातलेच, पण कोट घातला की मराठी विसरायचे. वर्गात येऊन त्यांनी मुलांना सांगितलं, की झाडांची पानं रात्री झोपतात. मागून मास्तरांचा आवाज आला, "काऊन?" साहेबांना वाटलं पोरानं विचारलं. ते पोराला शोधू लागले. मास्तर पुढे येऊन म्हणाले, "मी विचारलं, साहेब. मला खरंच माहीत नाही. चिंचेची झोपतात, आंब्याची झोपत नाहीत. काऊन?" साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, पण त्या वर्षी मास्तरांची बढती राहिली. गोदा आठवडाभर भांडी आपटत होती. मास्तर मात्र चिंचेखाली कंदील घेऊन.

आडनावातच फूल, तेव्हा झाडांचं वेड असणारच, असं मी त्यांना चिडवायचे. पण ज्या झाडापायी त्यांचं आयुष्य ढवळून निघालं ते झाड म्हणजे कळलावी.

कळलावी आमच्याकडे कोणाला नवी नाही. पावसाळ्यात घाटाच्या उतारावर, शेताच्या काटेरी कुपाट्यांवर ती वेल चढते. पानांची टोकं वळवून काट्याला धरते आणि श्रावणात लाल-पिवळी फुलं उलट्या पाकळ्यांनी पेटल्यासारखी दिसतात. फूल सुंदर, पण घरात कोणी आणत नाही. घरात आणलं की भांडणं लागतात म्हणतात. कळ लावते ती कळलावी. सुइणींचा अर्थ दुसरा. अडलेल्या बाईच्या पायाला तिचं मूळ बांधलं की कळा येतात, म्हणून ती कळलावी. दोन्ही अर्थांनी बायका तिच्यापासून जपून असतात. मूळ पोटात गेलं तर माणूस मरतो, हेही सगळ्यांना माहीत.

मास्तरांचा एक मित्र नागपूरला शेतकी कॉलेजात होता. दिवाळीच्या सुटीत तो येऊन गेला आणि यांच्या डोक्यात किडा सोडून गेला. विलायतेत एका फुलाच्या गड्ड्यातून म्हणे एक विष काढतात. ते रोपाच्या कोंभाला थेंबभर लावलं की झाड राक्षसासारखं वाढतं. पान जाड, फूल मोठं, फळ मोठं. लढाईमुळे ते औषध आता मिळत नाही. पण तेच विष आपल्या कळलावीच्या मुळात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर ओसरीवर माझ्यासमोर दोन्ही तळवे एकमेकांपासून लांब धरून उभे. "बाई, एवढं बोंड! नारळाएवढं! वऱ्हाडातल्या वावरात कपाशीचं एकेक बोंड नारळाएवढं अशीन तं काय होईन, सांगा!"

मी म्हटलं, "झाड मोडेल."

ते हसले नाहीत. विचारात पडले. "हाव, खोड बी जाड पाहिजे," म्हणाले, आणि निघून गेले.

मग रविवारी देऊळघाटला जाणं आणि पोतडीतून नांगराच्या फाळासारखी वाकडी मुळं आणणं सुरू झालं. मागच्या अंगणाच्या कडेला काही त्यांनी लावलीही. गोदानं कपाळाला हात लावला. "साऱ्या जगात झाडं नाहीत का? घरात कळलावी आनली तुमी. आता भांडनं होतीन, पाहा."

"भांडनं होतच होते की," मास्तर म्हणाले. "काऊन होत होते ते आता समजलं असं म्हन."

ती रागानं आत गेली आणि मग दाराआड हसू लागली. तिचं असंच असायचं. मास्तरांवर ती चिडायची तेवढीच भाळलेली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. सासरची माणसं दुसऱ्या लग्नाचं सुचवून गेली तेव्हा मास्तरांनी त्यांनाही "काऊन?" एवढंच विचारलं होतं. त्या एका प्रश्नावर गोदा जन्मभर त्यांची भांडी आपटत आनंदानं राहिली असती.

मुळं ठेचून रस काढायचा, तो पाण्यात घालायचा, त्यात सरकी भिजवायची. मास्तर शाळेतल्या चाकूनं मुळं तासायचे आणि अर्धं तासून झालं की फिरायला उठायचे. त्यांच्या हातांची कातडी लाल व्हायची, सोलून निघायची. शेवटी गोदाच म्हणाली, "सरका तिकडे. तुमच्यानं होत नाही." शिकेकाई वाटायचा एक जुना पाटा तिच्या आईनं तिला दिला होता. तो तिनं अंगणात मांडला आणि चटणी वाटावी तशी ती मुळं वाटून द्यायला लागली. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत पांढुरके. मास्तर कुंड्यांपाशी, ती पाट्यापाशी, असं त्यांचं चाललेलं मी विहिरीवरून बघायचे. ते पुढच्या वर्षीचे पावसाळ्याचे दिवस होते. दोघं इतकी आनंदात मी नंतर कधी पाहिली नाहीत.

नारळाएवढं बोंड काही आलं नाही. बहुतेक सरकी कुजली. जी उगवली तिचे कोंभ बोटासारखे जाड आणि खुंटलेले. एक रोप तगलं. त्याची पानं जाडजूड, खरखरीत, गडद. फूल मात्र खरंच मोठं आलं, आणि बोंड न धरता गळून गेलं. मास्तरांनी गळलेलं फूल हातात घेतलं आणि खूप वेळ तसेच उभे राहिले. उभे, म्हणजे न चालता. गोदा आणि मी एकमेकींकडे पाहिलं.

शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. कपाटात कुलपात असायचा. मास्तरांनी हेडमास्तरांच्या मागे लागून तो मिळवला आणि मग बाटलीच्या तोंडावर कांदे ठेवून त्यांना मुळं फोडायला लावली. एक साध्या पाण्यावर, एक कळलावीच्या पाण्यावर. एका रविवारी त्यांनी मला ते बघायला शाळेत बोलावलं. दोन्ही कांद्यांची मुळं मला तरी सारखीच पांढरीशुभ्र दिसली. एकाची टोकं जरा फुगीर, एवढंच.

"आता आत पाहा," ते म्हणाले.

पहिल्या काचेत बारीक कोठड्या दिसत होत्या. काही कोठड्यांत रंगवलेले दोरे, दोन बाजूंना सारखे ओढले गेलेले. मास्तर माझ्या मागे फेऱ्या घालत सांगत होते. "झाड वाढते म्हंजे काय होते, बाई? एका पेशीच्या दोन होतात. भावाभावांत वाटनी. हे दोरे म्हंजे बापजाद्याचं सारं धन. पान कसं करायचं, फूल कसं करायचं, सारं त्याच्यात. एकूनएक दोऱ्याची जोडी बनते अन् दोघाईले सारखं जाते. आता दुसरी काच पाहा."

दुसऱ्या काचेत दोरे सुपातून सांडलेल्या तिळांसारखे कोठडीभर पसरलेले.

"वाटनीच झाली नाही!" मास्तर टाळी वाजवून म्हणाले. "नाव कळलावी, अन् काम पाहा! भावाईले वेगळं होऊ देत नाही, सारं धन एकाच घरात कोंबते. म्हनून पान जाड!"

मी हसले. ते पुन्हा वाकून बघू लागले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, "हे पाहा. इथं वाटनी झाली, पन एक दोरा मधातच राह्यला. कोनाच्याच वाट्याले गेला नाही."

"मग?"

"मंग ज्याच्या वाट्याले नाही गेला, त्याचं काय?" ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "त्याच्यापासून पुढं ज्या हजार पेशी होतीन, त्या साऱ्याईले तो दोरा नाही भेटनार. कायमचा. अन् बाहेरून मूळ कसं पांढरंशुभ्र."

त्याच आठवड्यात गोदानं मला विहिरीवर कानात बातमी सांगितली. तिसरा महिना चालू होता. आधी खात्री नव्हती म्हणून बोलली नव्हती. मी तिचे गार ओले हात धरले आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत राहिलो. मास्तरांना तिनं रात्री सांगितलं. भिंतीपलीकडे फेऱ्या सुरू झाल्या, लांब आणि संथ. मग मध्येच थांबल्या. मग छोट्या झाल्या, झपाझप.

सकाळी उठून बघते तो अंगणातल्या कळलाव्या उपटलेल्या, कुंड्या फोडलेल्या, आणि मास्तर गोदाच्या आईचा पाटा खांद्यावर घेऊन मागच्या दारानं चाललेले. तो त्यांनी नाल्यात नेऊन टाकला. पाटा कोणी टाकतं का? गल्लीत हसून हसून मुरकुंडी वळली. गोदा दारात उभी राहून रडत होती. "माह्या मायचा पाटा होता थो! काय केलं होतं त्यानं तुमचं?" मास्तर नाल्यावरून परतले. विहिरीवर जाऊन राखेनं हात घासू लागले. बायका म्हणाल्या, कळलावीनं आपलं काम केलं.

तेव्हापासून त्यांचं हात धुणं सुरू झालं. राखेनं, चिंचेनं, शिकेकाईनं. शाळेतून आले की आधी हात. जेवणाआधी, जेवणानंतर, मधेच. आणि गोदाला कशालाच हात लावू देईनात. पाणी स्वतः शेंदायचे, भांडी स्वतः घासायचे. लोकांना वाटलं, बायकोचे लाड चाललेत. सुटीत ते नागपूरला जाऊन कॉलेजातल्या कोणा प्राध्यापकाला भेटून आले. "काय म्हणाले?" मी विचारलं. "म्हनले, हे झाडापुरतं हाय. मानसाचं कोनाले माहीत नाही. म्हनून हसले." ते चिडले होते. "माहीत नाही, मंग हसता काऊन?"

गोदाला कळा सुरू झाल्या त्या एका दुपारी. सुईण म्हणून देऊळघाटची सरूबाई आली होती. हातानं चांगली, तोंडानं फटकळ. कळा येत आणि विरत. संध्याकाळ व्हायला आली तशी सरूबाई उठली, मागच्या अंगणात गेली आणि मातीनं माखलेलं मूळ घेऊन आली. उपटून टाकलेल्या कळलावीचं एक मूळ जमिनीत राहून गेलं होतं आणि त्याला कोंभ फुटला होता. ती ते गोदाच्या पायाला बांधणार, तेवढ्यात दारातून मास्तर आत. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष! मी आडवी आले, पण त्यांनी मला बाजूला सारलं आणि सरूबाईच्या हातातून ते मूळ हिसकून खिडकीबाहेर फेकलं.

सरूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मास्तर, बह्याड झाले का? माह्या सासूच्या सासूपासून बांधून राह्यलो आमी. पायाले बांधते, पोटात नाही देत!"

"हात नाही लावायचा त्याले! हात धुवा आधी. राखेनं धुवा!"

"मंग कळा तुमीच आना!"

खाटेवरून गोदा क्षीण आवाजात म्हणाली, "भांडू नका बापा," आणि त्याच क्षणी तिला अशी कळ आली की सगळ्यांची भांडणं तिथेच राहिली. सरूबाईनं मास्तरांना धक्का देऊन बाहेर काढलं. हातही धुतले, बडबडत का होईना.

मुलगी झाली. मी बाहेर येऊन सांगितलं तर मास्तरांचा चेहरा पांढरा. "बाई, बोटं पाह्यली का? पायाची बी? टाळू? ओठ?" मी म्हटलं, सगळं जागच्या जागी आहे, गोदासारखं नाक आहे, आत या. ते दारापर्यंत आले. मी बाळ पुढे केलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. वाकून खूप वेळ बघितलं, डोळे भरून आले, आणि हात पाठीमागेच ठेवून ते बाहेर निघून गेले.

बारशाला बापाच्या मांडीवर द्यायची वेळ आली तेव्हा मास्तर ओसरीवरून गायब. पुढेही तसंच. मुलीचं नाव वत्सला ठेवलं, सगळे वच्छी म्हणायचे. वच्छी रांगू लागली. ती यांच्याकडे झेपावली की हे मागे सरायचे. ती रडली की पाळण्याची दोरी हलवायचे, लांबून. तिच्यासाठी खुळखुळे बनवायचे, गमतीची गाणी म्हणायचे, ताप आला की रात्रभर अंगणात चालायचे. पण हात लावायचे नाहीत. आणि गल्लीनं त्याचा अर्थ लावला तो आपल्याकडे लावतात तोच. इतक्या वर्षांनी झाली आणि मुलगी झाली, म्हणून मास्तरांनी तोंड फिरवलं. सरूबाई तर तोंडावर म्हणाली, "शिकलेले अशीन, पन पोट्टी झाली तं हेबी तसेच." गोदाच्या कानावर हे रोज पडायचं. ती भांडी आपटेनाशी झाली. ते मला सहन होईना.

एक दिवस शाळा सुटल्यावर रस्त्यातच मी त्यांना गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. बायकोवर एवढा जीव आणि पोटच्या पोरीचा विटाळ? पोरांना शास्त्र शिकवता आणि घरी हे?

ते चालत राहिले. मी मागे धावत होते. मग कडेच्या कडुलिंबाखाली थांबून त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. घासून घासून त्यांना भेगा पडल्या होत्या.

"वर्सभर हे हात त्या रसात होते, बाई. ह्याच्यात काय बसलं अशीन, कोनाले माहीत? पोरीले लावू?"

"पण पोर चांगली आहे हो! टुणटुणीत आहे!"

"मूळ बी चांगलंच होतं. पांढरंशुभ्र. तुमी पाह्यलं. आतला एखादा दोरा मधातच राह्यला अशीन तं आज नाही दिसनार. वीस वर्सांनी दिसीन. तिच्या लेकरात दिसीन. मले रोज दिसते, बाई. ती हसली तरी दिसते."

मी म्हटलं, "मग हे गोदाला तरी सांगा. ती काय समजून बसलीय, ठाऊक आहे?"

"काय सांगू तिले?" ते एकदम ओरडले, आणि मग हळू झाले. "मुळं वाटली कोनं? तीन महिने पोटात लेकरू घेऊन पाट्यावर कोन बसलं? माह्या हाताचं सांगतो म्हनलं का तिचे हात आलेच. नवरा वाईट हाय असं वाटलं तं बाई जगते. आपल्याच हातानं लेकराचं वाईट केलं असं वाटलं, तं नाही जगत. राहू द्या मले वाईट."

मला त्यांचा राग आला होता, आणि कीवही. गोदाला सांगायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं आणि मी ते पाळलं.

आता इतक्या वर्षांनी माझी भाची नागपूरला प्रयोगशाळेत याच विषयावर काम करते. मास्तर ज्यांना बापजाद्यांचं धन म्हणायचे ते दोरे डीएनएचे, हे मला तिनंच सांगितलं. ती म्हणते, रानातल्या कित्येक झाडांत अशी विषं असतात. काही तर डीएनएच्या धाग्यालाच चिकटतात आणि त्यातलं अक्षर बदलतात. आपल्या काळ्या रानात उगवणारी, जंतांवर म्हणून पोरांना पाजतात ती किडामार, तिचं विष तसलं. प्यायल्यावर कित्येक वर्षांनी मूत्रपिंडात रोग उमटतो आणि तोवर कोणाला ते झाड आठवतही नाही. कळलावीचं विष धाग्याला हात लावत नाही, त्याची वाटणी बिघडवतं. म्हणजे मास्तरांनी बरोबर पाहिलं होतं. "आणि त्यांचे हात?" मी विचारलं. ती म्हणाली, "मावशी, एकदा चांगले धुतले तरी पुरे होते. हातात ते बसून राहत नाही. वाटताना त्या काकूंच्या अंगात किती गेलं, बाळापर्यंत काही पोचलं का, ते मात्र कोणी सांगू शकणार नाही. बहुतेक नाहीच." तिचं ते बहुतेक मला मास्तरांना सांगायचं होतं. सांगायला ते हवे होते.

वच्छी चालायला लागली त्या उन्हाळ्यात त्यांची मेहकरला बदली झाली. मी मोटार स्टँडवर पोचवायला गेले. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या. मोटारीच्या मागच्या भट्टीचा पंखा क्लीनर गरागरा फिरवत होता, धूर सगळ्यांच्या नाकात. मास्तर मोटारीला प्रदक्षिणा घालत होते. ट्रंक टपावर गेली, वळकटी गेली. चिखलीचे, देऊळगावचे उतारू दाटीवाटीनं चढले. मास्तर चढून दाराशी उभे राहिले. खाली गोदा, कडेवर वच्छी.

गोदानं मुलीला उचलून वर धरलं. "धरा."

मास्तरांचे हात मागे गेले. "आधी तू चढ. बाई देतीन तिले वर."

"धरा म्हनते."

मागून उतारू ओरडत होते. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. वच्छी हवेत पाय हलवत होती.

गोदा मोठ्यानं बोलली नाही. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. "पाटा नाल्यात टाकला तवाच समजलं मले. बह्याड नाही मी. मुळं म्या वाटली. ह्याच हातानं तुमाले दोन वर्सं भाकरी वाढून राह्यली, ह्याच हातानं हिले न्हाऊ घालून राह्यली. माह्या हाताची भाकरी चालते तुमाले?"

मास्तरांनी हात आणखी मागे ओढले. त्यांचे ओठ हलत होते.

"तवा पाट्यासाठी रडली, लेकरासाठी नाही रडली मी तुमच्यापुढं. तुमीच सांगसान म्हनून वाट पाह्यली. जे व्हायचं थे होईन, दोघंबी पाहू नं. तोवर तिले बाप पाहिजे. धरा, माहे हात दुखून राह्यले."

आणि तिनं मुलगी सोडलीच जवळजवळ. मास्तरांना हात पुढे करावेच लागले. त्यांनी वच्छीला धरलं ते कसं, तर बोटं ताठ पसरून, नुसत्या तळव्यांच्या कडांवर, अंगापासून लांब. अनोळखी माणसानं उचलल्यासारखी ती किंचाळून रडू लागली, त्यांच्या हनुवटीवर थपडा मारू लागली. गोदा दांडी धरून वर चढली आणि त्यांच्याकडे न बघता आत जाऊन बसली. क्लीनरनं पंखा सोडून पायरीवर उडी मारली. मोटारीला हिसका बसला, मुलगी त्यांच्या हातांतून निसटू लागली, आणि मास्तरांनी तिला छातीशी घट्ट आवळून धरलं.